सुनंदानं मागितलं ते

या सदरात येणारे अनुभव मी वाचतो आणि पान उलटतो. खोटं कशाला सांगू... निम्मे मला मनाचे खेळ वाटतात आणि निम्मे रचलेले. माझं नारायणगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी, सबमर्सिबल, पिठाच्या गिरणीच्या मोटारी. जळालेली मोटार उघडली की ती का जळाली ते दिसतं — बेअरिंग जाम झालेलं असतं, नाहीतर पाणी शिरलेलं असतं, नाहीतर व्होल्टेजनं घात केलेला असतो. तीस वर्षं हेच करत आलो, त्यामुळे डोकं तसंच चालतं. कारण असणारच, आपल्याला सापडलं नाही एवढंच.

तरी लिहितोय. कारण ही गोष्ट ऐकीव नाही, माझ्याच बाबतीत घडली. आणि मला ती नको होती. जिला हवी होती ती माझी बायको, सुनंदा.

आम्ही ख्रिस्ती, आजोबांच्या वेळेपासून. जुन्नरला आमचं जुनं मिशनचं चर्च आहे. तिथली उपासना म्हणजे ठरलेली गीतं, ठरलेल्या प्रार्थना, वीस मिनिटांचा उपदेश, की घरी. मला ते बरं पडायचं. देव आहे म्हणतात तर असेल, आपण रविवारी हजेरी लावावी, एवढाच माझा धर्म. सुनंदाचं तसं नव्हतं. ती मूळची डिंगोऱ्याची, अंगणवाडी सेविका. कामात चोख, बोलायला मोकळी. पण लग्न झाल्यापासून मी बघत होतो, चर्चमधून परत येताना ती गप्प असायची. एकदा विचारलं तर म्हणाली, "आपुन त्याच्या घरी जाऊन येतो, पण तो काय भेटत नाय ओ. ओसरीवरनंच माघारी येतो."

सात-आठ वर्षांपूर्वी वारुळवाडीच्या पुढं, जुन्नर रस्त्याला, एका पत्र्याच्या शेडमध्ये नवीन सभा सुरू झाली. आधी तिथं कांदा साठवायचे. पास्टर एलिया म्हणून एक तरुण माणूस — पूर्वी पिकअप चालवायचा. टाळ्या, ढोलक, कीबोर्ड, हात वर करून रडणारी माणसं, आणि मधूनच कुणीतरी अन्य भाषेत बोलायला लागायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : पवित्र आत्मा माणसात उतरला की तो माणूस न शिकलेल्या भाषेत बोलतो, असं बायबलमध्ये आहे, आणि हे लोक ते आजही होतं म्हणतात. ऐकणाऱ्याला ते नुसते आवाज वाटतात.

सुनंदा एकदा गेली आणि तिथलीच झाली.

मला राग यायचा, पण एक गोष्ट कबूल करतो. तिथं येणारे बहुतेक लोक काहीतरी घेऊन यायचे. कुणाची पाठ, कुणाचा दारुडा नवरा, कुणाला मूल नाही. सुनंदाला असं काही नको होतं. आमची मुलगी लग्न होऊन नाशिकला सुखात होती, दुकान चालत होतं. पास्टरनं पहिल्या दिवशी विचारलं, "ताई, कशासाठी प्रार्थना करायची?" तर ही म्हणाली, "मला काय मागायचं नाय. मला तोच पायजे."

सात वर्षं. बुधवारचा उपास, महिन्यातून तीन दिवसांची उपास-प्रार्थना. तिच्या पुढं बसणाऱ्या बायका, तिच्यामागून आलेल्या पोरी, सगळ्यांना ते मिळालं. एका सतरा वर्षांच्या मुलीला पहिल्याच सभेत. सुनंदा हात उघडे ठेवून गुडघ्यावर बसायची, आणि उठायची तेव्हा तोंडात मराठीच.

मग कुजबुज सुरू झाली. पास्टर कधी बोलला नाही, त्याच्यावर मी आळ घेणार नाही. पण बायकांतली एकजण तिला म्हणाली, "सिस्टर, काहीतरी लपवलेलं पाप असेल, तेवढं अडतंय." झालं... सुनंदा पापं शोधायला लागली. वहीत लिहून काढायची. एका सुट्टीच्या दिवशी म्हणाली, मला आण्याला सोडा, आक्कांची माफी मागायचीय. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुशीला, आण्याच्या पठारावर दिलेली. मोटारसायकलवर घेऊन गेलो. आक्का पडवीत मटकी निवडत बसली होती. सुनंदानं तिचे पाय धरले.

"आक्का, माझ्या लग्नात तुमी जे पातळ नेसला व्हतात ना, त्याला मी मनातनं नावं ठेवली व्हती. मला माफ करा."

"कुठलं पातळ गं?" आक्का हसायलाच लागली. "मलाच आठवत न्हाई कुठलं ते!" मग तिनं पाहिलं की सुनंदा रडतेय. तिचं हसू थांबलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "प्रभा, हिला बरं नाय का? इतकी चांगली बाई, आन पाप हुडकत फिरतीया..."

देवाशी माझं पहिल्यांदाच भांडण झालं ते तेव्हा, परत येताना मोटारसायकलवर.

आता त्या दिवसाचं सांगतो. टोमॅटोचा सीझन होता, मार्केटला गाड्यांची रांग. शेडमध्ये तीन दिवसांची सभा होती आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाचा फोन — स्पीकर घूं-घूं करतोय, येऊन बघता का? गेलो. अकराचा सुमार. अर्थिंग सुटलं होतं, दहा मिनिटांचं काम. वायर जोडली, आवाज थांबला. मी भिंतीला टेकून उरलेली वायर गुंडाळत बसलो.

गाणं संपलं होतं. शंभरेक माणसं नुसती वाट बघत बसली होती. पत्रे तापलेले. सुनंदा माझ्यापुढं तिसऱ्या ओळीत, पाठमोरी, गुडघ्यावर. तीन दिवस पोटात पाणी सोडून काही नाही. घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेला, आणि उघडे हात थरथरत होते. किती वेळ ते तसे धरले होते कोण जाणे. मला ते बघवेना. मी मनात म्हणालो, "दे ना तिला एकदाचं. तुझं काय जातंय? सात वर्षं झाली. सुनंदाला दे."

मनापासून केलेली माझी ती पहिलीच प्रार्थना असेल. प्रार्थना कसली, तक्रारच.

आणि मी बोलायला लागलो.

कसं सांगू... शॉक मला नवा नाही, चारदा खाल्लाय. हे तसं नव्हतं. अंगात काही शिरलं, डोळ्यांपुढं उजेड आला, असलं काही झालं नाही. उचकी आपण आणत नाही, ती येते, तसे शब्द आले. माझाच आवाज, माझंच तोंड, पण जीभ जिथं कधी टेकत नाही तिथं टेकत होती. बडबड नव्हती ती. वाक्यं होती. कुठं थांबायचं, कुठं जोर द्यायचा, सगळं आपोआप होत होतं, फक्त अर्थ मला कळत नव्हता. आणि एक होतं — माझ्या अगदी जवळ कुणीतरी आहे असं वाटत होतं. भीती वाटली नाही. लहान असताना तापात झोपलेलो असायचो आणि डोळे मिटलेले असतानाही कळायचं की आई खोलीत आहे, तसं. यापेक्षा मला सांगता येत नाही.

मागच्या बाजूनं एक बाई उठून माझ्याकडं आली. फुलमनी तिचं नाव. झारखंडची, नवऱ्याबरोबर टोमॅटो तोडणीला आलेली. तीही ख्रिस्ती, म्हणून सभेला येऊन मागं बसायची. मराठी तिला येत नव्हती. तिची दोन लेकरं सुनंदाच्या अंगणवाडीत होती, तेवढी ओळख. ती माझ्यासमोर आली, माझ्या शर्टाची कड धरली आणि तीही बोलायला लागली. मी बोलायचो, मग ती बोलायची. लोकांना वाटलं तिच्यातही आत्मा उतरला. सगळे टाळ्या वाजवून "हालेलुया" म्हणत होते. मलाही तसंच वाटलं.

पाच मिनिटं असेल, दहा असेल. मग थांबलं. उचकी थांबते तसंच.

सुनंदानं मान वळवलेली होती. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद होता. खरा आनंद, त्यात खोट नव्हती. मग तो तिथंच राहिला, पण डोळ्यांतलं काहीतरी विझलं. ती टाळ्या वाजवत होती. सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतक्याच जोरात.

घरी आल्यावर तिनं चहा ठेवला. तीन दिवसांनी पहिला घोट घेतला आणि खाली बघत विचारलं, "कसं वाटलं ओ?"

इथं माझी चूक झाली. मला वाटलं, हिला काय सांगू? जे तू सात वर्षं मागितलंस ते मला वायर गुंडाळताना मिळालं, असं? मी म्हणालो, "अगं, नाटक केलं मी. तुमची सभा रंगेना, म्हटलं जरा मजा करू."

तिनं कप खाली ठेवला. "देवाशी नाटक?"

"हो."

"लोक रडत व्हते तिथं."

तिला बरं वाटेल अशी माझी कल्पना होती — की चला, यालाही काही मिळालेलं नाही. ती उठली, बायबल घेऊन अंगणात जाऊन बसली. जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. विचारलं तर म्हणाली, "तुमच्यासाठी उपास धरलाय. तुमाला माफी मिळावी म्हणून."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात होतो. दुकान घराच्या पुढच्याच बाजूला आहे. फुलमनी आली. डोक्यावर बोचकं, दोन्ही लेकरं, मागं नवरा. सुनंदा बाहेर आली.

"दीदी, हम जा रहे हैं गाँव. मुकादम छोड़ नहीं रहा था, आज छोड़ा. भैया को बोलने आए."

"अचानक? सीजन तो चालू है," सुनंदा म्हणाली.

फुलमनीनं माझ्याकडं बघितलं. "भैया ने बोला ना. हमारी भाषा में बोला, गाँव की भाषा में. बोला, सोमारी चौखट पर बैठी है, रास्ता देख रही है, जा. हमने पूछा कौन सोमारी, तो भैया बोला, तेरी माँ." मग तिनं विचारलं, "भैया, आप कब गए थे हमारे तरफ? इतना साफ तो हमारा मरद भी नहीं बोलता."

मी भुसावळच्या पलीकडं कधी गेलेलो नाही. हे कामगार माझ्या दुकानासमोरून जातात, पण आपल्याशी हिंदीतच बोलतात. त्यांच्या आपसातल्या बोलीतला एक शब्द मला आजही येत नाही. त्या भाषेला कुडुख म्हणतात हेसुद्धा मला नंतर कळलं. आणि तिच्या आईचं नाव? ते तर सुनंदालाही माहीत नव्हतं.

सुनंदानं पोरांच्या हातात भाकरी-चटणी बांधून दिली, फुलमनीला मिठी मारली. ती माणसं एसटी स्टँडच्या दिशेनं दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राहिली. मग दुकानात आली.

"खरं व्हतं ते."

"हो."

"आन मला खोटं सांगितलंत."

"तुला वाईट वाटू नये म्हणून, सुनंदा."

"वाटू द्यायचं व्हतं ना मग वाईट!" सत्तावीस वर्षांत ती माझ्यावर पहिल्यांदा ओरडली. "माझ्या घरात आला तो. माझ्या घरात! माझ्याकडं नाय तर नाय, पण तुमच्याकडं आला ना? आन तुमी मला सांगितलंत की आलाच नाय. तीन दिवस मी... तीन दिवस मी त्याची माफी मागतीया!"

ती तिथंच, मोटारींच्या मधे, जमिनीवर बसून रडली. मी शेजारी बसलो.

त्यानंतर रोज, दुपारी जेवण झाल्यावर, ती म्हणायची, "परत सांगा." मी सांगायचो. जीभ कशी हलली, कुणीतरी जवळ आहे असं कसं वाटलं. ती तापाची आणि आईची गोष्ट तिला फार आवडायची. डोळे मिटून ऐकायची. कधी म्हणायची, "आज नीट सांगितलं नाय, परवा जास्त चांगलं सांगितलं व्हतं." पास्टरला कळलं तेव्हा तो मला साक्ष द्यायला बोलवायला आला. मी नाही म्हणालो. ज्या सभेत सुनंदा बसलीय तिथं उभं राहून मी काय साक्ष देणार? पास्टर समजून गेला. सुनंदाला मात्र तो म्हणाला, "ताई, मला पण कळत नाही. मी तुमच्यासाठी सात वर्षं मागतोय." त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं.

महिन्याभरानं फुलमनीचा फोन आला होता, भावाच्या मोबाईलवरून. ती पोचली तेव्हा आई खरंच दारात बसलेली होती. तिला बरं नाही हे कुणी कळवलंच नव्हतं. सहा दिवसांनी म्हातारी गेली. "छह दिन मिला दीदी, छह दिन," असं ती परत परत म्हणत होती.

मला ते परत कधीच झालं नाही. सुनंदाबरोबर मीही शेडमध्ये जायला लागलो, तिच्या शेजारी गुडघ्यावर बसायला लागलो, पण काही नाही.

थंडीत सुनंदाला कावीळ झाली असं वाटलं. उतरेना म्हणून मंचरला दाखवलं, मग पुण्याला. पोटात गाठ होती, खोलवर. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं की उपासांचा याच्याशी संबंध नाही. मी तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा तेच सांगितलं. सभेतले लोक येऊन ती बरी व्हावी म्हणून प्रार्थना करायचे, ती करू द्यायची. ते गेल्यावर मला म्हणायची, "हे मी मागितलंच नव्हतं ओ. त्यांना कसं सांगू?"

शेवटचे पंधरा दिवस ती मंचरच्या दवाखान्यात होती. एका दुपारी तिनं मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"त्यातला एक तरी शब्द आठवतोय का? एकच. मला म्हणून बघायचाय."

मला काहीही बोलता आलं असतं. कुठलेही दोन आवाज. तिला काय कळणार होतं? तिचे ओठ हलायच्या तयारीत होते. मी खूप आठवून बघितलं, खरंच बघितलं.

"नाही आठवत गं."

तिनं मान हलवली. "बरं केलंत खरं सांगितलंत," म्हणाली आणि माझा हात धरून पडून राहिली. मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन फुलमनीच्या भावाचा नंबर लावला. बंद. संध्याकाळी लावला, दुसऱ्या दिवशी लावला. रोज लावला. बंदच.

सुनंदा एका मंगळवारी सकाळी गेली. मी तोंडाजवळ कान नेऊन बसलो होतो. मला वाटत होतं की निदान शेवटी... पण शेवटचं ती "पाणी" म्हणाली. आपल्या साध्या मराठीत. दोन चमचे पाणी पाजलं.

जुन्नरच्या आमच्या दफनभूमीत तिला पुरलं. नाशिकहून मुलगी आली होती, आणि जुनं चर्च नि शेड, दोन्हीकडचे लोक आले होते. पास्टर एलिया मागं उभा राहून रडत होता.

त्यानंतर अकराव्या दिवशी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. फुलमनी. भावाचा फोन पाण्यात पडला होता, आता ती दुसरीकडं वीटभट्टीवर कामाला होती, कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला होता. दीदी कशी आहे, म्हणाली. मी सांगितलं. ती बराच वेळ रडत होती.

मग मी म्हणालो, "फुलमनी, उस दिन मैं जो बोला था, वो फिर से बोल. तुम्हारी भाषा में."

तिनं म्हणून दाखवलं. दोन छोटी वाक्यं.

मी फोन कानाला घट्ट धरून ऐकलं. काहीच ओळखीचं वाटलं नाही. पुन्हा म्हणायला लावलं, मग पुन्हा. मग मी तिच्यामागून म्हणायला लागलो. जीभ वळेना. मधे एक आवाज आहे घशातून काढायचा, तो मला निघेचना. ती रडता रडता हसली. "नहीं भैया, ऐसे नहीं," म्हणाली, आणि लहान पोराला शिकवावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगायला लागली. मी अर्धा तास घोकत होतो. तरी जमलं नाही.

"उस दिन तो कितना साफ बोले थे," ती म्हणाली.

माझ्या पुतण्याचं म्हणणं आहे की कामगारांचं बोलणं कधीतरी कानावर पडून डोक्यात राहिलं असेल. असेल बाबा. आईचं नाव, चौखट, तेही कानावर पडलं असेल. मी त्याच्याशी वाद घालत नाही. लोक मला विचारतात की हे झालं कसं. मला कसं याचं आता फारसं काही वाटत नाही. त्या दिवशी मी मागितलं ते माझ्यासाठी नव्हतं, फुलमनीसाठी तर नव्हतंच. मी सुनंदाचं नाव घेऊन मागितलं होतं, आणि ती माझ्यापासून चार हातांवर, हात उघडे ठेवून बसली होती. तिला का नाही, हे मला कळलेलं नाही. कुणी सांगू शकेल असंही वाटत नाही.

अजून रविवारी शेडमध्ये जातो. तिसऱ्या ओळीत बसतो. ती दोन वाक्यं फुलमनीनं सांगितली तशी मी एका कागदावर मराठी अक्षरांत लिहून घेतलीत, चुकीची का असेनात. सगळे डोळे मिटून बसले की मी ती हळू आवाजात म्हणून बघतो. सुनंदाला म्हणायची होती म्हणून.